विल्यम डीन हॉवेल्स : सदसद्विवेकाचा कादंबरीकार

अमेरिकन कादंबरीचा विषय निघाला की आपल्याला मार्क ट्वेन आणि हेन्री जेम्स ही नावे आठवतात. या दोघांचेही स्नेही व पाठीराखे असलेले विल्यम डीन हॉवेल्स मात्र आपल्या स्मरणात सहसा नसतात.

त्यांचा जन्म १८३७ साली ओहायो राज्यातील मार्टिन्स फेरी या गावी झाला. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवताना त्यांचा साहित्याभ्यास झाला. १८६० साली त्यांनी लिंकन यांचे निवडणूक-चरित्र लिहिले आणि पुढे व्हेनिस येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून काम केले. १८७१ ते १८८१ या काळात ते 'अटलांटिक मंथली'चे संपादक होते.

अद्भुतरम्य कथानकांपेक्षा सामान्य माणसाचे नित्याचे जीवन हाच कादंबरीचा खरा विषय होय, असे त्यांचे मत होते. 'द राइज ऑफ सायलस लॅपहॅम' (१८८५) या कादंबरीतील रंगाचा कारखानदार खरेदीदारांना फसवून आपला उद्योग वाचवू शकला असता. तो तसे करीत नाही व कफल्लक होतो. शीर्षकातील 'उत्कर्ष' आहे तो याच अधःपातात. सारे जग मिळवून आत्मा गमावण्याविषयीचा शुभवर्तमानातील प्रश्न आम्हांला येथे आठवतो.

लेखकाची स्वतःची कसोटी १८८७ साली लागली. आदल्या वर्षी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या वेळी बाँबस्फोट होऊन पोलीस मृत्युमुखी पडले होते. तो बाँब आरोपींनी टाकल्याचे सिद्ध झाले नसतानाही त्यांच्यापैकी सात जणांना फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. लोकमत खवळले होते. नामवंत साहित्यिकांनी मौन पत्करले. हॉवेल्स यांनी मात्र 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये जाहीर पत्र लिहून दयेची मागणी केली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि ११ नोव्हेंबर रोजी चौघे फासावर गेलेच. खटल्यातील हयात असलेल्या तिघा आरोपींना १८९३ साली इलिनॉयच्या राज्यपालांनी माफी दिली व तो खटलाच अन्यायाचा ठरवला.

'अ हॅझर्ड ऑफ न्यू फॉर्च्यून्स' (१८९०) या कादंबरीत या व्यथेचे पडसाद उमटले आहेत. १८९६ साली त्यांनी पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीचे नाव देशभर पोहोचविले. १९२० साली त्यांचे निधन झाले.

हॉवेल्स कॅथलिक नव्हते. तरीही आपल्या कथानायकाकडून अपेक्षिलेली किंमत त्यांनी स्वतःही मोजली, म्हणून त्यांचे स्मरण आम्हांला अगत्याचे वाटते.