नकाराची नोंद

बोरी नदीच्या कांठचें अमळनेर हें गांव प्रताप गिरणी, प्रताप कॉलेज आणि तत्त्वज्ञान मंदिर यांच्यामुळें महाराष्ट्रास परिचित झालें. अशा गांवांतूनहि आज तरुण मंडळी शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं जातात, आणि कांहीं जण तेथें कायम राहण्याचा परवाना मागतात. कॅनडासारख्या देशाच्या त्या अर्जांत एक प्रश्न असतो: आपणांस पूर्वीं कोणत्याहि देशानें व्हिसा किंवा परवाना नाकारला होता काय? येथें अनेकांची लेखणी अडखळते. जुना नकार कबूल केला तर नवाहि पदरीं पडेल, अशी धास्ती वाटते. ती कितपत खरी, हें इतिहासासच विचारलेलें बरें.

अमेरिकेंत नागरिकत्वाचा हक्क 1790 च्या कायद्यानें गोऱ्या लोकांपुरता ठेविला होता. 1870 सालीं त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस यांपैकीं कोण, हा वाद त्यामुळें उभा राहिला. पंजाबचे भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. 1918 सालीं वॉशिंग्टन राज्यांत त्यांना नागरिकत्व मिळालें, आणि अवघ्या चार दिवसांत तें रद्द झालें. त्यांनीं शेजारच्या ओरेगन राज्यांत पुनः अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यानें तेथेंहि विरोध केला. परंतु सर्व बाजू ऐकून न्यायाधीश वूल्व्हर्टन यांनीं 1920 सालीं त्यांना नागरिक केलें. पुढें 19 फेब्रुवारी 1923 रोजीं सुप्रीम कोर्टाचा निकाल थिंद यांच्या विरुद्ध गेला. तथापि 1935 सालीं महायुद्धांतील सैनिकांसाठीं नवा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें त्यांना तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालें तें कायमचें. मागील दोन्ही अपयशें सरकारदफ्तरीं लिहिलेलीं होतीं. त्यांमुळें तिसरा अर्ज बुडाला नाहीं.

त्याच निकालाच्या आधारें सरकारनें इतर हिंदी नागरिकांवरहि दावे लावले. त्यांत लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित हे एक होते. त्यांना 1914 सालीं नागरिकत्व मिळालें होतें. ते हिंदी आहेत ही गोष्ट तेव्हांच न्यायालयापुढें उघड होती, आणि त्या प्रश्नाचा निर्णय होऊनच नागरिकत्व दिलें गेलें होतें. 1926 सालीं अपील-न्यायालयानें पंडितांच्या बाजूनें कौल दिला: एकदां निकालांत निघालेला वाद सरकारला पुन्हा उकरून काढतां येणार नाहीं. 1927 सालीं सुप्रीम कोर्टानें हें प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि पंडितांचें नागरिकत्व टिकलें. पंडितांनीं आपला वंश लपविला असता तर हा बचाव त्यांना कसा मिळता?

महाराष्ट्रास अधिक जवळचें उदाहरण वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचें. गदर चळवळीच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धांत इराणच्या भूमीवर ते इंग्रजांविरुद्ध लढले. पुढें मेक्सिकोंत स्थायिक होऊन चापिंगोच्या कृषिविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें व मक्याच्या वाणांवर संशोधन केलें. इंग्रज सरकारनें त्यांचें नांव काळ्या यादींत घातलें होतें. 1947 सालीं राज्य बदललें. यादी मात्र तशीच राहिली. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं त्यांनीं घर सोडलें, त्याच स्वतंत्र देशाच्या सरकारनें जुन्या यादीवर बोट ठेवून त्यांचा व्हिसा नाकारला! शेवटीं तो निर्णय फिरला, आणि उतारवयांत खानखोजे नागपुरास राहिले. तेथेंच 1967 सालीं त्यांचें निधन झालें.

या हकीकतींवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही, कीं दफ्तराचें आयुष्य राज्यापेक्षांहि मोठें असूं शकतें; म्हणून कोणी पाहणार नाहीं या भरंवशावर नकार लपविणें व्यर्थ होय. आज तर अनेक देशांची सरकारें अशी माहिती परस्परांना कळवितात. दुसरी गोष्ट अशी, कीं नकार हा गुन्हा नव्हे. तो कधीं अन्यायाचा असतो, कधीं कागद अपुरे पडल्याचा, कधीं केवळ काळ प्रतिकूल असल्याचा. त्याचें कारण सांगतां येतें, परिस्थिति बदलल्याचें दाखवितां येतें.

असत्य उत्तराचें तसें नाहीं. कॅनडाच्या परदेशीय-प्रवेशाच्या कायद्यांतील 40 व्या कलमाप्रमाणें महत्त्वाची माहिती दडविणारास पांच वर्षें प्रवेशाची बंदी होऊं शकते, आणि त्या मुदतींत कायम वास्तव्याचा अर्जहि करतां येत नाहीं. मूळच्या नकारानें कदाचित् जें बिघडलें नसतें, तें लपवाछपवीनें बिघडतें. म्हणून अर्जाच्या त्या रकान्यांत देश, वर्ष आणि दिलेलें कारण हें सर्व स्पष्ट लिहावें, नकाराचें पत्र जवळ असल्यास त्याची प्रत जोडावी, आणि मगच आपली बाजू मांडावी.