घरांत आलेला ध्वनिवर्धक

घरांतील स्पीकरची पेटी आज इतकी परिचित झाली आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एके काळीं आवाज मोठा करण्याचें साधन एकच होतें, तें म्हणजे माणसाचा गळा. जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावतार रंगे. पखवाज, हार्मोनियम व झांज यांच्यावर आवाज चढवून नट आयत्या वेळीं सुचलेले संवाद म्हणे, आणि शेवटच्या श्रोत्यापर्यंत ते पोंचवी. पहांटेपर्यंत तो गळा थके. ही त्याची मर्यादा होती.

पुढें ग्रामोफोनचा कर्णा आला. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन तबकडीवर घेतलें गेलें. त्या यंत्रास वीज लागत नसे. सुईच्या कंपनांना हवेंत वाट करून देणें एवढेंच कर्ण्याचें काम. नवी शक्ति तो निर्माण करीत नसे. ती शक्ति ली डी फॉरेस्ट यांच्या १९०६ सालच्या शोधांतून निघालेल्या त्रिध्रुवी नळीनें पुरविली. १९२५ सालीं अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं चुंबकांत हलणारें तारेचें वेटोळें कागदी शंकूस जोडून स्पीकर कसा करावा हें प्रसिद्ध केलें. दुसऱ्याच वर्षीं ‘रेडिओला १०४’ ही पेटी विक्रीस आली. तिच्या पोटांतच ध्वनिवर्धक बसविलेला होता. आजचे ‘पॉवर्ड स्पीकर’ हे तिचेच वंशज होत.

आपल्याकडे मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचा, आणि मालवण तेथून तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. १९३८ सालीं मुंबईहून लघुलहरींवर प्रक्षेपण होऊं लागलें, तेव्हां या अंतराचा अडसर कमी झाला. १९४७ सालच्या ट्रान्झिस्टरच्या शोधानें तर पुढें रेडिओ सेलवर बोलूं लागला. रत्नागिरीचें आकाशवाणी केंद्र आलें तें १९७७ सालीं.

म्हणजे गंमत पाहा: सेलवरच्या रेडिओनें भिंतींतल्या विजेपासून सुटका केली, आणि मोठ्या पेटीनें आपणांस पुन्हां तिच्याशींच बांधलें. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील वीज गेली. अशा वेळीं भिंतीच्या विजेवरची पेटी मुकी होते, आणि बातमी सांगण्यास सेलवरचा लहानसा रेडिओच उपयोगीं पडतो. तो घरांत जपून ठेवावा.

आतां पेटीबरोबर नांदावें कसें? दोन पेट्यांमधील अंतर व त्यांपासून बैठकीचें अंतर सुमारें सारखें असावें. उंच स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या पातळींत यावा. कोपऱ्यांत दडपलेल्या पेटींतून खर्ज फुगतो व शब्द झांकोळतात. उघड्या भिंतीवरून आवाज परततो. पडदा, पुस्तकांचें कपाट वा सतरंजी असली कीं तो निवळतो. किनाऱ्यावर आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे खारा वारा. तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, कागदी शंकु ओलसर होतो. म्हणून पेटी समुद्राकडील खिडकीखालीं ठेवूं नये. तारांचीं टोकें वेळोवेळीं पुसावीं. विजा चमकूं लागण्याची चिन्हें दिसतांच प्लग काढून ठेवावा.

पण खरा प्रश्न यंत्राचा नाहीं. नटाचा गळा थकत असे. पेटी थकत नाहीं. जी मर्यादा पूर्वीं निसर्गानें घातली होती, ती आतां आपणांसच घालावी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा ठरविली आहे. परंतु शेजारच्या ओटीवर निजलेल्या आजाऱ्याची आठवण ठेवण्यास नियमाची वाट कशाला पाहावी? बटन आपल्याच हातीं आहे. आवाज इतकाच असावा कीं, गाणें थांबतांच समुद्राची गाज कानीं यावी.