शिफारसपत्र, वैद्यकीय (बाहेरच्या पोस्टिंगचे)

वैद्यकीय विद्यार्थी, इंटर्न किंवा निवासी डॉक्टर आपले महाविद्यालय सोडून दुसऱ्या रुग्णालयात काही आठवडे काम करतो, तेव्हा तिथल्या वरिष्ठ डॉक्टरने त्याचे काम डोळ्यांनी पाहून पुढच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेले पत्र. अमेरिकेत अशा कामाला ‘अवे रोटेशन’ म्हणतात आणि तिथल्या निवासी प्रशिक्षणाच्या निवडीत या पत्राला मोठे वजन असते. महाराष्ट्रात बाहेरची पोस्टिंग आहे, ती सक्तीचीही आहे, पण तिच्यातून पत्र मागण्याची रीत फारशी रुजलेली नाही. या नोंदीत नळदुर्ग (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) परिसर डोळ्यांपुढे ठेवून हा विषय मांडला आहे.

भारतात पत्राची गरज का पडत नाही, याचे उत्तर प्रवेशपद्धतीत आहे. एमडी-एमएसचा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर आणि समुपदेशनाच्या फेऱ्यांवर होतो. उमेदवार रात्रपाळीत कसा वागतो, नातेवाइकांशी कसा बोलतो, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यामुळे पोस्टिंग संपली की विद्यार्थ्याच्या हाती पडते ते पूर्णत्वाचे प्रमाणपत्र. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक समाधानकारक, खाली सही आणि गोल शिक्का. प्रमाणपत्र हजेरी सांगते, माणूस सांगत नाही. परदेशी अर्ज करण्याची वेळ आली की विद्यार्थी धावत विभागप्रमुखांकडे जातो आणि बहुधा एकच उत्तर ऐकतो : “तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेली ही पत्रे एकमेकांसारखीच असतात. मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू ही विशेषणे प्रत्येकात सापडतात आणि शेकडो पत्रे वाचणाऱ्या निवड समितीला ती लगेच ओळखू येतात.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार इंटर्नशिप बारा महिन्यांची असून त्यातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी राखलेले आहेत. ग्रामीण पोस्टिंग याच काळात होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी २०२० मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रम जाहीर झाला आणि २०२१ च्या तुकडीपासून तो लागू झाला. त्यात तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रातले तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत घालवावे लागतात. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला ही खरीखुरी ‘अवे रोटेशन’च आहे, फक्त तिच्याकडे तसे पाहिले जात नाही.

नळदुर्ग हे बोरी नदीकाठचे किल्ल्याचे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) सुमारे ४५ किमीवर, तर धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ पासून सुरू झालेले. जवळच्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि परदेशातले वैद्यकीय विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जग शिकायला येते आणि आपला विद्यार्थी ग्रामीण पोस्टिंग ‘सही करून मोकळे होण्याची’ मानतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला मनापासून खटकते.

पत्रासाठी लागणारा मजकूर लहान रुग्णालयातच भरपूर मिळतो. महामार्गावरचे अपघात, कीटकनाशकाची विषबाधा, विंचू, सर्पदंश, वेळेआधी आलेली प्रसूती, हे सगळे तिथे एकाच डॉक्टरसमोर येते. पावसाळ्यात रानातून रात्री आणलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाचे उदाहरण घ्यावे. साप कोणी पाहिलेला नाही, पाय सुजत चाललेला आहे. इंटर्नने शिरेतून २ मिली रक्त घ्यायचे, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि नळी २० मिनिटे अजिबात हलवायची नाही. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकच्या नळीत रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही. साबणाने धुतलेली नळीही निकाल बिघडवते. वेळ संपल्यावर ती एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात भिनले, असे धरून प्रतिविष सुरू करायचे, रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचे आणि सोलापूरला हलवायचे की इथेच ठेवायचे, हे ठरवायचे. यात इंटर्नने नळी कुठून आणली, घड्याळ पाहिले का, मधल्या वीस मिनिटांत पापण्या जड होत आहेत का हे तपासले का, बाहेर बसलेल्या घरच्यांना काय सांगितले, हे वैद्यकीय अधिकारी पाहत असतो. मोठ्या रुग्णालयात हीच कामे चार-पाच जणांत वाटली जातात आणि प्राध्यापकांपर्यंत पोहोचतो तो सकाळच्या राउंडमधला तयार अहवाल.

बळकट पत्र म्हणजे हे पाहिलेले कागदावर उतरणे. ‘सर्पदंशाच्या रुग्णांची चांगली काळजी घेतली’ हे वाक्य दुबळे. ‘प्रतिविष चालू असताना रक्तदाब घसरत असल्याचे सर्वांत आधी हिच्या लक्षात आले, तिने प्रतिविषाची धार थांबवून मला हाक मारली आणि मी पोहोचेपर्यंत अॅड्रिनलिन भरलेली सिरिंज तिच्या हातात होती’ हे बळकट. त्याबरोबर लेखकाने उमेदवाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने पाहिले, आजवर पाहिलेल्या इंटर्नमध्ये तो कुठे बसतो आणि त्याला आपल्याच युनिटमध्ये घेतले असते का, या तीन गोष्टी हव्यात. शेवटच्या प्रश्नावर लेखक गुळमुळीत झाला की वाचणारा थांबतो. एखादी खरी उणीव आणि ती कशी भरून काढली हे लिहिले, तर पत्राची विश्वासार्हता वाढतेच. रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील मात्र पत्रात येता कामा नये.

अमेरिकेत बहुतेक शाखांचा अर्ज ईरास या संगणकीय व्यवस्थेतून जातो. एका प्रशिक्षण केंद्राला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. पत्र लेखकच थेट चढवतो. उमेदवार ते चढवू शकत नाही आणि पत्र पाहण्याचा हक्क आपण सोडतो, असे त्याने लिहून देण्याची प्रथा आहे, कारण न पाहिलेले पत्रच मोकळेपणाने लिहिलेले मानले जाते. ‘ड्राफ्ट करून आण’ ही आपली सवय इथे सरळ आडवी येते. तातडीच्या वैद्यकसेवेच्या शाखेत तर नुसते मजकुराचे पत्र पुरत नाही. ‘स्लो’ नावाचा ठरावीक नमुना भरावा लागतो आणि त्यात उमेदवाराची बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी थेट तुलना मागितलेली असते. यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या पायरीचा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. उमेदवार वेगळे ओळखण्याचा एक आकडा गेल्यावर पत्रांकडे अधिक लक्ष जाणे ओघाने आले.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने इथे एक गोष्ट वेळेत समजून घ्यायला हवी. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत रुग्णाला हात लावून शिकण्याची संधी, म्हणजे इलेक्टिव्ह, मुख्यतः पदवी हाती येण्यापूर्वीच मिळते. बिनपगारी इलेक्टिव्हसाठी बी-१ व्हिसा चालतो. पदवीनंतर बहुतेकांच्या वाट्याला ऑब्झर्व्हरशिप येते. कोपऱ्यात उभे राहून पाहणाऱ्याबद्दल कितीही नामवंत डॉक्टर लिहिणार तरी काय? सभ्य आहे, वेळेवर येतो, एवढेच. पैसे घेऊन रोटेशन आणि पत्र जुळवून देणाऱ्या कंपन्यांचा धंदा याच अडचणीवर चालतो. लाखो रुपये मोजून आणलेले असे पत्र बहुधा सर्वांत फिके निघते. अमेरिकी केंद्रे अमेरिकी डॉक्टरांच्या पत्रांना झुकते माप देतात हे खरे आहे आणि नळदुर्गच्या पत्राने ती जागा भरत नाही. पण चारांपैकी एक पत्र विद्यार्थ्याला एकट्याने जबाबदारी घेताना पाहिलेल्या माणसाचे असले, तर उरलेल्या तीनमध्ये नसलेली गोष्ट अर्जात येते.

पत्र मागण्याची तयारी पहिल्या आठवड्यात सुरू होते. आपल्याला पुढे काय करायचे आहे ते वरिष्ठांना सांगावे, अर्धा काळ सरल्यावर “सर, माझं काय कमी पडतंय?” असे विचारावे आणि सांगितलेले पुढच्या पंधरा दिवसांत दिसेल असे करावे, पत्रात लिहिण्याजोगा बदल त्यातूनच घडतो. शेवटच्या आठवड्यात, दारात उभे राहून नव्हे तर वेळ मागून, विचारावे : “मॅडम, माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?” उत्तर रेंगाळले तर आभार मानून दुसरीकडे वळावे, कारण नकार हा कोमट पत्रापेक्षा फार उपकारक असतो. होकार आला तर मसुदा नेऊ नये. आपला एक पानी परिचय, सोबत पाहिलेल्या पाच-सहा रुग्णांची आठवण देणाऱ्या ओळी, अंतिम तारीख आणि पत्र चढवण्याची रीत एवढे द्यावे. लेखकाला हा नमुना नवा असेल तर तो समजावून सांगण्यात कमीपणा नाही.

पत्राने आणि ओळखीने वाट उघडण्याचा इतिहास मराठी स्त्रियांच्या वैद्यकशिक्षणात आरंभापासून आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्याकडे रुग्णालयाचा अनुभव नव्हता; १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी स्वतः लिहिले आणि प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना घेतले. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. रखमाबाईंच्या मागे मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची उभ्या राहिल्या आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या. दूरच्या संस्थेसाठी ‘हिला मी ओळखते’ हे सांगणाऱ्या माणसाची किंमत तेव्हाही तेवढीच होती.

सरकारी रुग्णालयातून पत्र घेताना एक व्यावहारिक अडचण कायम असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कंत्राटी डॉक्टर पदव्युत्तर प्रवेश मिळताच निघून जातात आणि दोन वर्षांनी अर्जाची वेळ येते तेव्हा त्या खुर्चीत वेगळाच माणूस बसलेला असतो. म्हणून पोस्टिंग संपण्याआधीच पत्र लिहवून घ्यावे, लेखकाकडे त्याची प्रत राहील असे पाहावे आणि त्यांचा कायमचा ई-मेल व दूरध्वनी क्रमांक घ्यावा. कार्यालयाचा पत्ता तेवढा पुरेसा नाही.