अल्लाउद्दीन खाँ यांचे प्रारंभीचे वाद्यशिक्षण

मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ (मृत्यू : ६ सप्टेंबर १९७२) यांचे नाव सरोदाशी व सेनिया परंपरेशी निगडित झाले आहे. त्यामुळे रामपूरच्या वजीर खाँ यांचे शिष्यत्व लाभण्यापूर्वीचे त्यांचे शिक्षण म्हणजे निव्वळ भटकंती, असा समज रूढ झाला. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यांचे जन्मवर्ष कोणी १८६२ मानतात, कोणी १८८१. म्हणून या काळाची कालगणना सैलच ठेवणे इष्ट. घटनांचा क्रम मात्र त्यांच्या आठवणींवरून लागतो. सध्याच्या बांगलादेशातील शिवपूर हे गाव सोडून ते कलकत्त्यास आले व नुलो गोपाल यांच्यापाशी गाणे शिकू लागले. तेथे वर्षानुवर्षे सरगम व पलटेच चालले. गुरू प्लेगने निवर्तले, तेव्हा शिष्याने गाणे सोडून वाद्ये धरली.

विवेकानंदांचे आप्त अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त हे नाटकगृहाच्या वाद्यवृंदाचे चालक होते. त्यांच्याकडे सतार, बासरी, मँडोलिन, लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन, हजारी उस्तादांकडे सनई, नंदबाबूंकडे पखवाज. मिनर्व्हा थिएटरात तबलजीची नोकरीही झाली. हा संचार लहरीपणाचा म्हणता येत नाही. नाटकगृह व बँड या त्या काळच्या कलकत्त्यातील, घराण्याची अट नसलेल्या पाठशाळाच होत्या. चरित्रकारांनी त्यांची उपेक्षा केली, ती बहुधा त्यांना खानदानी प्रतिष्ठा नव्हती म्हणून.

पुढे मुक्तागाछा येथे अहमद अली यांचा सरोद ऐकून ते त्यांचे शिष्य झाले आणि त्यानंतर रामपूरला गेले. वजीर खाँ स्वतः बीनकार. पण बीन घराण्याबाहेर द्यावयाची नाही, असा दंडक होता. तिचे आलापअंग सरोदावर व सूरशृंगारावर उतरवावे लागले. एका वाद्याचे बोलणे दुसऱ्याकडून वदवून घेण्याची ही सवय शिष्याने कलकत्त्यातच अंगी बाणवली होती.

तिचे फळ मैहरास दिसते. रविशंकरांची सतार, अन्नपूर्णादेवींचा सूरबहार, पन्नालाल घोषांची बासरी यांना त्यांनी तालीम दिली, ती मुख्यतः गाऊन. म्हणजे नुलो गोपालांची सरगम येथेही उपयोगी पडली. १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना घेऊन त्यांनी मैहर बँड उभारला. त्यात देशी वाद्यांबरोबर व्हायोलिन होते, आणि बंदुकीच्या नळ्या कापून घडविलेले नलतरंगही.