पत्र्याचा बिल्ला आणि प्लॅस्टिकचे कार्ड

हल्ली कार्डांच्या जाहिरातींत एक नवे आमिष दिसते. किराणा घ्या, पेट्रोल भरा, औषधे आणा, आणि त्या खर्चातूनच तुमची थोडी थोडी गुंतवणूक होत राहील! अमेरिकेत फिडेलिटी कंपनीच्या कार्डावर खर्चाच्या दोन टक्के रक्कम गुंतवणुकीच्या खात्यात जमा करता येते. आपल्याकडे नोंदणीकृत कंपनीच्या शेअरचा तुकडा विकत घेता येत नाही, म्हणून काही ऍपवाले डिजिटल सोन्याचे कण देतात. आमच्या कचेरीतल्या तरुण मंडळींना ही कल्पना अगदी काल निघाल्यासारखी वाटते. वाचकहो, ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा जन्म बँकेत नव्हे, किराणा दुकानात झाला.

इंग्लंडमधले रॉचडेल हे कापडगिरण्यांचे गाव. तिथल्या 28 जणांनी, त्यांत विणकर बरेच, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला काढून माणशी एक पौंड जमवला. एवढ्या 28 पौंडांवर 21 डिसेंबर 1844 रोजी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचा रवा आणि मेणबत्त्या. त्या काळी गिरणीगावांत पिठात भेसळ, मापात खोट आणि दुकानदाराच्या वहीत न फिटणारी उधारी, हा कामगाराचा नित्याचा भोग होता. आपल्या पसरकाराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

या दुकानाने भांडवलावर ठराविक व्याज दिले आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला. कोणी किती घेतले हे लक्षात राहावे म्हणून पुढे अशा दुकानांतून पत्र्याचे वा पितळेचे बिल्ले देत. हिशेबाच्या वेळी ते मोजून लाभांश मिळे. तो घरी न नेता संस्थेतच ठेवला की भाग वाढत जाई. म्हणजे चहा-साखर खाता खाता भांडवल! पिग्मीपेक्षा हे वेगळे. 1928 साली सिंडिकेट बँकेने सुरू केलेल्या पिग्मीत रोज दोन आणे खिशातून वेगळे काढावे लागत. इथे नेहमीचा खर्चच बचत होत असे.

मात्र दोन अटी होत्या. व्यवहार रोखीचा, उधारी बंद. आणि भाग कितीही असोत, मत एकच.

हेच बीज आपल्याकडेही आले. 1948 साली मुंबईत नायगावच्या गिरणगावात अपना बाजार निघाला. गोवा मुक्त झाल्यावर महाराष्ट्राचा 1960 चा सहकार कायदा इथेही लागू झाला, त्यात एका सभासदाला एकच मत. पुढे गोव्याचा स्वतःचा कायदा 2001 साली झाला. आमच्या फोंड्याच्या गोवा बागायतदार संस्थेत सुपारी घालावी आणि त्याच संस्थेच्या बाजारातून किराणा आणावा, ही घरोघरची रीत.

आता कार्डाकडे पाहा. त्यातले बक्षीस मुख्यतः दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून येते, आणि थकबाकी ठेवणाऱ्याच्या व्याजातून. हे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरही जाते. रॉचडेलने जी उधारी दाराबाहेर ठेवली, तिच्यावरच हा डोलारा! रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर जानेवारी 2020 पासून असे शुल्कच नाही, म्हणून बक्षिसांची खैरात क्रेडिट कार्डावर जास्त. डिजिटल सोने आपल्या नियंत्रणाखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला, तोही लक्षात असावा. बिल वेळेवर भरणाऱ्याने हे दोन पैसे जरूर घ्यावेत, माझी हरकत नाही. पण सोन्याच्या त्या कणाला सभेत उभे राहून भाव विचारता येत नाही.

घरच्या जुन्या ट्रंकेत आजोबांचा सोसायटीचा भागदाखला पडलेला असेल तर काढून बघा. वारस म्हणून संस्थेकडे अर्ज करता येतो.