जस्ताची नोकरी

लाकडी होडी बांधणं सोपं, सांभाळणं कठीण. संसारासारखंच. नारळ फुटतो, होडी पाण्यात उतरते आणि त्याच घटकेपासून समुद्र तिच्या खात्यावर व्याज लावू लागतो. आपला कोकणातला कोळी कधी माशाचं, कधी काजूच्या टरफलांचं तेल चोपडून हे व्याज वेळच्या वेळी भरत आला.

यातला मोठा सावकार म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. नावाचाच किडा, जातीनं शिंपल्यातला, आपल्या तिसऱ्यांचा लांबचा चुलतभाऊ. आपण तिसऱ्या खातो, तो जहाज खातो. फिटंफाट! कोलंबसच्या जहाजांची यानं अशी चाळण केली, की १५०३ साली ती जमैकाच्या किनाऱ्याला लावून बिचाऱ्याला वर्षभर तिथंच बसावं लागलं.

इंग्रजांनी तोड काढली तांब्याची. १७६१ साली ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. वेस्ट इंडीजची वारी करून जहाज परतलं, तर पत्रा शाबूत, लाकूड शाबूत. खिळे मात्र गायब! खाऱ्या पाण्यात तांब्याशी गाठ पडली की लोखंडच झिजतं. वाचले ते फक्त पत्र्याखाली तपकिरी कागद टिकून राहिला होता तिथले खिळे. मधे एक कागद असला की सगळं सुरक्षित राहतं, हे आम्हा कारकुनांना कुणी विचारलंच नाही.

१८२४ साली सर हंफ्री डेव्हींनी हेच तत्त्व उलटं वापरलं. तांब्याला जस्ताचे नाहीतर लोखंडाचे तुकडे जोडायचे. झिजायचं ते त्यांनी. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’वर प्रयोग झाला. तांबं खरोखरच झिजेना! पण झिजताना तांबं पाण्यात जे विष सोडी, त्यालाच भिऊन शेवाळ आणि शिंपले लांब राहत होते. झीज थांबली, विष थांबलं आणि तळाशी बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंची चाळ उभी राहिली. जहाजं रखडू लागली. १८२५ साली आरमारानं तुकडे काढायला लावले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण लोकांनी हसून घेतलं.

गंमत म्हणजे डेव्हींचं गणित बरोबरच होतं. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. ते झिजतात म्हणून पोलाद टिकतं. प्रत्येक कचेरीत असा एखादा असतोच. सगळा खारेपणा तो अंगावर घेतो, म्हणून वरचे चकचकीत राहतात. जस्ताला बढती कधी मिळत नाही. बदली मात्र नियमानं होते.