चारशे यार्डांवरचं हरीण: गोळी झाडायची की नाही?

आजचा विषय जरा वेगळा आहे. लांब पल्ल्याची रायफल, समोर उभं हरीण, आणि ट्रिगरवर बोट ठेवलेल्या माणसाने घ्यायचा निर्णय.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार हा सरळ गुन्हा आहे. अमेरिका, जर्मनी, स्कॉटलंड इथे मात्र हरणांची शिकार आजही कायद्याच्या चौकटीत चालते. त्यामुळे 'किती लांबून गोळी झाडणं योग्य?' हा वाद तिथे अजून जिवंत आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, बंदुकीशी संबंध शून्य. पण या वादाचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे, हा तर आपलाच रोजचा प्रश्न आहे: मशीनला जमतं म्हणून ते करायचं का?

सुरुवात करू आपल्या शेजारच्या सातपुड्यातून. मध्य प्रांत हा ब्रिटिशांचा प्रांत १८६१ मध्ये तयार झाला, राजधानी आपलं नागपूर. त्या प्रांतात जेम्स फोर्सिथ नावाचा एक तरुण अधिकारी होता. पचमढीला गेला असाल तर तिथलं 'बायसन लॉज' पाहिलं असेल, ते यानेच बांधलं. १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक पुस्तक लिहिलं. तेव्हा वय फक्त पंचविशीचं.

त्या काळात युरोपात लांब पल्ल्याचं वेड होतं. १८४९ च्या सुमारास आलेल्या मिनी गोळीमुळे सैनिक पूर्वीपेक्षा कितीतरी लांबून अचूक मारा करू लागले होते. फोर्सिथचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, जंगलातली शिकार बहुतेक शे-दीडशे यार्डांच्या आतच होते, मग हजार यार्डांची रायफल काय कामाची? त्याने जाड नळी, गोल गोळी आणि भरपूर दारू असा मेळ सुचवला. उद्देश एकच, गोळी त्या छोट्या पल्ल्यात शक्य तितकी सरळ रेषेत जावी.

सरळच का? कारण अंतराचा अंदाज चुकतो. गोळी बंदुकीतून निघाल्या क्षणापासून खाली पडायला लागते. जितकी हळू जाईल तितका तिचा मार्ग कमानीसारखा. झाडीत उभं असलेलं सांबर ऐंशी यार्डांवर आहे की सव्वाशे, हे डोळ्यांनी नीट कळत नाही. गोळीचा मार्ग सरळ असेल तर तो अंदाज चुकला तरी निभावतं. कमानीसारखा असेल तर गोळी काळजाऐवजी पोटात किंवा पायात लागते, आणि जनावर मरत नाही, तडफडत पळून जातं. म्हणजे फोर्सिथने चूक होणारच हे धरून डिझाइन केलं होतं. इंजिनीअर म्हणून मला तो तिथेच आवडला.

आता अमेरिकेत जाऊ. जून १८७४, टेक्सासमधलं ॲडोबी वॉल्स. बिली डिक्सन नावाच्या बायसन-शिकाऱ्याने तिथल्या लढाईत शार्प्स रायफलने एका घोडेस्वाराला टिपलं. नंतर मोजलेलं अंतर सांगतात १५३८ यार्ड, म्हणजे जवळजवळ १४०० मीटर. या एका गोळीवर आजपर्यंत दंतकथा चालू आहेत. गंमत म्हणजे डिक्सन स्वतः त्याला नशिबाचा नेम म्हणायचा. पण लोकांच्या लक्षात नशीब राहत नाही, आकडा राहतो.

मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू बनवली आणि सगळा खेळच बदलला. गोळीचा वेग प्रचंड वाढला. १९०६ मध्ये अमेरिकेत थर्टी-ओ-सिक्स नावाचं काडतूस आलं, ते आजही हरणांसाठी सर्रास वापरतात. फोर्सिथला हवा होता तसा सरळ मार्ग आता दोनशे-अडीचशे यार्डांपर्यंत मिळू लागला. आणि माणूस लगेच चारशेची स्वप्नं बघायला लागला.

इथे जरा गणित करू, घाबरू नका. हरणाचं काळीज-फुप्फुस जिथे असतं ती जागा साधारण २० ते २५ सेंटीमीटरची, म्हणजे एका ताटलीएवढी. थर्टी-ओ-सिक्सची रायफल दोनशे यार्डांवर नेम धरून सेट केली आहे असं समजा. हरीण शंभरऐवजी दीडशे यार्डांवर निघालं, तर फरक पडतो जेमतेम एका सेंटीमीटरचा. पण तेच हरीण चारशेऐवजी साडेचारशेवर निघालं, तर गोळी साधारण २५ सेंटीमीटर खाली जाते. चूक तीच, पन्नास यार्डांची. पण एकदा ती पचली आणि एकदा ताटलीच हुकली.

तुम्ही म्हणाल, आता लेझर रेंजफाइंडर आहे की. बरोबर, बटण दाबलं की अंतर कळतं. फोर्सिथची अडचण खरंच सुटली. पण वारा? ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा शंभर यार्डांवर गोळीला दोनेक सेंटीमीटर ढकलतो, चारशेवर तीस सेंटीमीटरहून जास्त. आणि तुमच्याजवळचा वारा, मधल्या दरीतला वारा आणि हरणाजवळचा वारा एकच असेल याची कोण गॅरंटी देणार?

दुसरी गोष्ट वेळेची. चारशे यार्ड जायला गोळीला साधारण अर्धा सेकंद लागतो. तुमची बोटाची हालचाल धरली तर अजून जास्त. तेवढ्यात हरणाने सहज चरता चरता एक पाऊल पुढे टाकलं, तरी अर्धा मीटर सरकलं. तुमचा नेम शंभर टक्के अचूक होता आणि तरीही गोळी पोटात लागली. कितीही महागडी दुर्बीण लावा, हरीण पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करेल हे ती सांगू शकत नाही.

तरीही प्रयत्न झाले. २०१३ मध्ये टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने चक्क लिनक्सवर चालणारी रायफल बाजारात आणली. लक्ष्यावर खूण करायची, ट्रिगर दाबून धरायचा, आणि नेम खुणेवर जुळला की रायफल स्वतः गोळी सोडणार. वाऱ्याचा आकडा मात्र माणसानेच टाकायचा! २०१५ मध्ये रूना सँडविक आणि मायकल ऑगर या दोन सुरक्षा संशोधकांनी तिच्या वायफायमधून आत शिरून गोळीच्या वजनाचा आकडाच बदलला. काही ग्रॅमची गोळी बत्तीसेक किलोची करून टाकली. सिस्टीमने निमूटपणे ते मान्य केलं आणि गोळी जवळपास पाऊण मीटर बाजूला, शेजारच्या लक्ष्यावर लागली. इनपुट व्हॅलिडेशन, मंडळी!

यावर शिकाऱ्यांच्या जगातूनच विरोध झाला. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये सुरू केलेला बून अँड क्रॉकेट क्लब 'फेअर चेस'चा, म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी ठेवण्याचा नियम सांगत आला आहे. २०१४ मध्ये क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीवर भूमिका जाहीर केली. त्यांनी यार्डांचा आकडा ठरवला नाही, प्रश्न हेतूचा ठेवला. आपलं यंत्र किती लांब मारतं हे जिवंत प्राण्यावर तपासून बघायचं असेल, तर ती शिकार नव्हे.

मला ही भूमिका पटते, पण अर्धीच. हेतू चांगला असला तरी वारा वाहायचा थांबत नाही. म्हणून जर्मनीतली पद्धत मला जास्त भावते. तिथल्या शिकार कायद्यात हरणासाठी गोळीत किती ऊर्जा हवी हे मोजलं जातं ते १०० मीटरवर: लहान रो हरणासाठी किमान १००० ज्यूल, मोठ्यांसाठी २०००. आणि जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेली कुत्री, हा तिथल्या शिकारीचाच भाग मानला जातो. म्हणजे गोळी सुटली की काम संपलं, असं नाही. आता विचार करा, चारशे यार्डांवरून, दरीच्या पलीकडे, हरीण नेमकं कोणत्या झुडपापाशी उभं होतं हे तिथे पोचल्यावर तुम्हाला सापडेल का?

मला तरी उत्तर इथेच मिळतं. रायफलचा पल्ला कंपनी ठरवते. शिकाऱ्याचा पल्ला ठरतो तो त्या दिवशीच्या वाऱ्यावर, त्याच्या श्वासावर, आणि गोळी चुकीच्या जागी लागली तर अंधार पडायच्या आत तो तिथे पोचून त्या जनावराला सोडवू शकतो का, यावर. उत्तर 'नाही' असेल तर दोनच पर्याय: वाकून, रांगत अजून जवळ जा, नाहीतर रिकाम्या हाताने घरी जा. कागदी लक्ष्यावर नेम चुकला तर आपण दुसरी गोळी भरतो. हरणाच्या बाबतीत त्या चुकीची किंमत हरीण मोजतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आजच्यापुरतं एवढंच. पचमढीला गेलात तर बायसन लॉजपाशी दोन मिनिटं थांबा आणि त्या पंचविशीतल्या पोराची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!